रिकाम्या ढगांची मोजणी

११ जानेवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण आज माझी मान, पाठ, कंबर सगळंच धरलंय, तेव्हा उभ्याउभ्याच घे. फोन केला असता, पण मागच्या वेळी वीस मिनिटं तू नुसतं "कोण? काय? मोठ्याने बोल!" एवढंच केलंस आणि संस्थेत माझ्या खोलीत बसणाऱ्या बाकीच्या तिघांना आपल्या घरचं सगळं कळलं. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

वैतागलेय रे. सात महिने झाले, माझा संशोधनाचा पेपर सरांच्या टेबलावर पडून आहे. दर सोमवारी मी दार वाजवते. "सर, वाचलंत?" "वाचतोय." पुढच्या सोमवारी पुन्हा "वाचतोय." एकदा फाइलवर कपाचा गोल डाग दिसला तर मला केवढा आनंद झाला. निदान जवळ तरी ओढली म्हणायची!

आईला सांगायची सोय नाही. ती म्हणते, "ढगांचंच काम आहे ना? मग पाऊस कधी येणार ते तरी सांगत जा." म्हणून तुला सांगते, नीट ऐक. म्हणजे वाच.

आपला सूर्य अब्जावधी ताऱ्यांच्या एका कळपात राहतो. तसे असंख्य कळप आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. शेजारच्या एका दीर्घिकेत गेली चार वर्षं माझा मुक्काम आहे म्हण ना. तिच्यात गार वायूचे प्रचंड ढग आहेत, उणे अडीचशे अंशांचे, काळेकुट्ट. एकेका ढगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला प्रकाशालाही शंभर-दीडशे वर्षं लागतात. तारे जन्मतात ते यांच्याच पोटात. प्रश्न एवढाच, की असा ढग जगतो किती? सर पंचवीस वर्षं सांगत आलेत: दहा कोटी वर्षं, निवांत. माझं उत्तर निघालं एक कोटी ऐंशी लाख. ढग जमतो, बराच काळ नुसता बसून राहतो, मग त्यात तारे पेटतात आणि तेच तारे त्याला आतून फुंकून उधळून लावतात. शंभर भाग वायूतले जेमतेम चार-पाच भाग ताऱ्यांच्या वाट्याला येतात. बाकीचा गेला वाऱ्यावर.

आता सरांची दहा कोटी कुठे आणि माझी दोन कोटीही नाहीत. सर चिडले असते तर भांडता तरी आलं असतं. ते "वाचतोय" म्हणतात. सप्टेंबरअखेर माझी मुदत संपते. पेपर नाही तर पुढची नेमणूक नाही. बस, एवढंच. डोकं भणाणलंय.

तुझी,
टिटवी


२२ जानेवारी

चिरंजीव टिटवीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी, दुसऱ्यांदा ढगांसाठी.

मी तुझ्यासारखा शिकलेला नाही, पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. एक कोटी ऐंशी लाख वर्षं जगणाऱ्या वस्तूचं वय तू चार वर्षांत मोजलंस कसं? तुझे सर वाचत नसतील तर मला सांग. मला वेळच वेळ आहे. वाचनालय त्यांनी आता दुपारचं बंद ठेवायला सुरुवात केली आहे. का, विचारलं, तर तिथला माणूस काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही, आणि तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. कानातलं यंत्र सारखी शिट्टी मारायचं, म्हणून डबीत ठेवलंय. तिथेही मारत असेल, मला काय कळणार? खाली शिंपीणबाईचं मशीन सुरू झालं की जमिनीतून तळपायाला कळतं. तेवढीच सोबत.

आक्का बोलते ते मनावर घेऊ नकोस. तुझी आई लहानपणापासून अशीच. काळजी वाटली की ती टोमणा मारते.

वेळेवर जेव. कसं मोजलंस ते कळव.

मामा


३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

अरे, तुझं आयुष्य जनगणनेत गेलं, मीही तेच करते! गंमत म्हणजे हे तुझ्याआधी मला सुचायला हवं होतं.

एखाद्या वस्तीत तू एकच दिवस गेलास. कोणाचं लहानपण, म्हातारपण तू बघितलेलं नाहीस. पण पाळण्यातली किती, शाळेची किती, कामाला जाणारी किती, काठी टेकत चालणारी किती, हे मोजलंस की माणसाच्या आयुष्यातला कुठला काळ किती लांब असतो ते सांगता येतं ना? ज्या काळातली माणसं जास्त सापडतात तो काळ लांब. ढगांचंही तसंच. एका ढगाकडे टक लावून बसले तर माझं आयुष्य जाईल आणि ढग हलणारही नाही. म्हणून एकाच वेळी सगळे मोजायचे.

रेडिओ दुर्बिणीतून गार वायू दिसतो. साध्या दुर्बिणीतून नव्या, तापट ताऱ्यांचा लाल उजेड दिसतो. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले. माझ्या दीर्घिकेत ढग सापडले २७०. त्यांतले २१२ रिकामे, म्हणजे वायू आहे पण ताऱ्याचा पत्ता नाही. ५८ मध्ये तारे पेटलेले. मोठ्या ताऱ्यांचं आयुष्य किती असतं ते आधीपासून ठाऊक आहे, त्यावरून बाकीचं गणित बसतं. ढग एक कोटी चाळीस लाख वर्षं रिकामा बसतो, पुढच्या चाळीस लाखांत तारे पेटून सगळा कारभार आटोपतो.

आहे की नाही? आता तूच सांग, यात न पटण्यासारखं काय आहे? काल पुन्हा सरांकडे गेले. म्हणाले, "घाई काय आहे? ढग कुठे पळून चाललेत?" स्वतःच्या विनोदावर खूश झाले. मी जिना उतरून खाली गेले, रस्त्याला एक चक्कर मारली आणि परत वर आले. लिफ्ट बंद आहे, सहा मजले. राग उतरायला तेवढे पुरतात.

टिटवी


१५ फेब्रुवारी

चि. टिटवी,

कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर तुझा तक्ता मांडला. २१२ अधिक ५८ बरोबर २७०. भागाकारही करून पाहिला, बरोबर आहे. फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून मला असा कागद कोणी दिला नव्हता. शिंपीणबाई भाडं द्यायला वर आली होती, तिलाही दाखवला. ती म्हणाली, एवढं कापड आणि त्यातून चार-पाचच कपडे? कारागीर बदला म्हणावं.

आता सवयीने काही विचारतो. हे ढग तू एकटीनेच मोजलेस की आणखी कोणी? दुसऱ्याने वेगळे मोजून ताळा घेतला का? फार लहान ढग दुर्बिणीला दिसत नसतील, त्यांचं काय केलंस? आणि मुख्य म्हणजे, रिकामा तो कशावरून रिकामा? तारे नाहीत, की तारे आहेत पण दिसले नाहीत? तुझ्या पत्रात "ताऱ्याचा पत्ता नाही" असं आहे. पत्ता नसणं आणि माणूस नसणं यांत फरक असतो.

थंडी आहे, गळ्याला काहीतरी गुंडाळत जा.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

झालं! सर "हो" म्हणाले!

गेल्या मंगळवारी सर स्वतः आमच्या खोलीत आले. चार वर्षांत पहिल्यांदा. बसायला खुर्ची नव्हती, दाढीवाल्याने स्वतःची दिली आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसला. (दाढीवाला म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. भला माणूस आहे, फक्त केळं खाऊन साल कीबोर्डवर ठेवतो.) सर म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी हट्ट धरून बसलो होतो." मामा, मला रडूच यायचं बाकी होतं.

मग कळलं ते असं. सर एका परिषदेला गेले होते. तिथे दुसऱ्या एका गटाने वेगळ्या दीर्घिकेतल्या ढगांचं आयुष्य सांगितलं, जवळजवळ माझ्याइतकंच. त्यांचा पेपर दोन-तीन महिन्यांत येणार. आता सर म्हणतात, दहा दिवसांत आपला जायला हवा. आठ-नऊ महिने झोपा काढल्या आणि आता दहा दिवस! पण जाऊ दे, म्हणाले ना "बरोबर आहे"?

तुझ्या प्रश्नांचं: मोजणी मीच केली, संगणकाच्या मदतीने. लहान ढगांचा हिशेब धरलाय. आणि रिकाम्याचं म्हणशील तर ढगात धूळ असते, तिच्याआड काही तारे लपतात, हे आम्हालाही कळतं. त्यासाठी एक सरासरी दुरुस्ती असते, ती लावली आहे. जगभर तीच लावतात.

आता प्रश्न पुरे. शुभेच्छा दे.

टिटवी


९ मार्च

चि. टिटवी,

शुभेच्छा आहेतच, त्या मागायला लागत नाहीत.

पण सरासरी दुरुस्ती म्हणजे काय ते मला कळतं. ती मीही आयुष्यभर लावली. जिथे गेलो नाही तिथली संख्या जिथे गेलो तिथल्यावरून धरायची. धुळीआड तारे लपत असतील तर ते सगळीकडे सारखे लपतील कशावरून? जो ढग जास्त दाट, तिथे जास्त लपतील, आणि तोच तुला रिकामा वाटेल. त्या २१२ पैकी एकाचंही दार वाजवून पाहिलंस का? धुळीतून आत बघायचं काही साधन असेलच तुमच्याकडे. ते वापरेपर्यंत सही करू नकोस.

मी स्पष्ट लिहितो म्हणून रागावू नकोस. दहा दिवसांत उरकायचं काम चांगलं नसतं.

मामा


२० एप्रिल

मामा,

तुझं पत्र मिळालं होतं. पेपर १२ मार्चला गेला. परवा परीक्षकाचा अभिप्राय आला: किरकोळ बदल करा, मग स्वीकारायला हरकत नाही. सरांनी सगळ्यांना कॉफी पाजली. पुढच्या दोन वर्षांच्या नेमणुकीसाठी ते पत्र देणार आहेत.

तुला खरं सांगू? सरांचा विश्वास नव्हता तेव्हा तुझा होता. सरांचा बसला त्याच आठवड्यात तू तुझा काढून घेतलास. "सही करू नकोस" लिहिताना माझी मुदत, माझी चार वर्षं, काही म्हणता काही आठवलं नाही का रे तुला? घरबसल्या, कॅलेंडरच्या पाठीवर दोन भागाकार करून? आई निदान तोंडावर तरी बोलते.

काही दिवस पत्र नको.


४ मे

चि. टिटवी,

नको म्हणालीस तरी लिहितो आहे. वाचायचं नसेल तर ठेवून दे.

तू विचारलंस, लिहिताना काय आठवलं. ते सांगतो. हे आक्कालाही माहीत नाही. तुझ्या मामीलाही मी कधी सांगितलं नाही, आणि आता ती नाही.

मला नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. माझ्याकडे शहराबाहेरचा भाग होता. तिथे दगडाच्या खाणीमागे एक वस्ती होती, एकशे साठ घरांची. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा दिवसाच. सतरा घरं उघडी आणि एकशे त्रेचाळीसांना कुलूप. पण दोऱ्यांवर कपडे वाळत होते. एका दारात भांडी घासून पालथी घातलेली, अजून ओली. एका कुलुपाआडून मूल रडत होतं. तेव्हा माझे कान चांगले होते. मला कळत होतं की माणसं उजाडायच्या आत खाणीवर जातात आणि अंधार पडल्यावर येतात.

मी साहेबांना म्हटलं, दोन दिवस द्या, संध्याकाळी जाऊन मोजतो. ते म्हणाले, "उद्या शेवटची तारीख आहे. कुलूप म्हणजे रिकामं. लिहा आणि मोकळे व्हा." ते वाईट नव्हते. त्यांच्यावरही वरून तगादा होता. माझी कायम होण्याची फाइल त्यांच्याच कपाटात होती. मी एकशे त्रेचाळीस घरं रिकामी लिहिली आणि खाली सही केली.

दोन वर्षांनी तिथे नळाची योजना आली. सतरा घरांसाठी आली. एक नळ. सातशे माणसांना एक नळ, पुढची मोजणी होईपर्यंत, म्हणजे आठ वर्षं. माझी बस तिथून जायची. रांग रस्त्यापर्यंत आलेली असायची, बायका घागरीवर बसून असायच्या. मी खिडकीची बाजू बदलून बसायचो.

मी कायम झालो. नंतर बढतीही मिळाली.

तुझे ढग कोणाच्या पाण्यावर उठणार नाहीत, हे मला कळतं. तुझ्या आयुष्याचं नुकसान होऊ शकतं, तेही आता कळलं. मी घाईत, हुकूम सोडल्यासारखं लिहिलं, ते चुकलं. पण विश्वास काढून घेतला नव्हता. तुझ्यावर होता म्हणूनच लिहिलं.

मामा


१८ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र दोन दिवस फोडलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी खोलीत बसून फोडलं आणि वाचून झाल्यावर खाली रस्त्याला तीन चकरा मारल्या. काय लिहावं कळत नव्हतं, म्हणून आधी काम केलं.

धुळीतून आत बघायचं साधन आहे. अवरक्त उजेड, म्हणजे उष्णतेच्या जातीचा, डोळ्याला न दिसणारा. तारा धुळीत गाडला गेला तर ती धूळ तापते आणि त्या उजेडात चमकते. माझ्या दीर्घिकेचा तसला जुना नकाशा होता, पण इतका धूसर की दहा ढगांचा एकच डाग दिसायचा. म्हणून आम्ही सरासरीवर भागवलं होतं. एप्रिलमध्ये अवकाश दुर्बिणीचा नवा नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला. मला माहीत होतं. मी तो मुद्दाम उघडला नव्हता, मामा. हे फक्त तुला सांगते.

दाढीवाल्याने उतरवून दिला. आम्ही दोघांनी वेगवेगळे बसून २१२ ढग पुन्हा तपासले. चौसष्ट रिकामे नाहीत. चौसष्टांच्या पोटात तारे आहेत, चांगले रसरशीत. रिकामा काळ एक कोटी चाळीस लाखांवरून एक कोटीवर आला. एकूण आयुष्य तेवढंच राहतं, त्यात मी चुकले नव्हते. पण पेपरचं नावच मुळी "ढगांचा दीर्घ रिकामा काळ" असं आहे, आणि त्यातली चाळीस लाख वर्षं तारे आत गुपचूप जन्मत होते.

तोवर पेपर स्वीकारला गेला होता. छापायचा तेवढा राहिला होता.

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे आकडे पाहिले. म्हणाले, "छान. पुढच्या पेपरमध्ये घाल."

मी म्हटलं, "सर, हा छापायचा कसा? आपल्याला माहीत आहे की हे चूक आहे."

"पाठवला तेव्हा माहीत नव्हतं. प्रत्येक पेपरमध्ये काहीतरी चूक असतेच, म्हणून तर पुढचा निघतो. त्या लोकांचा पुढच्या महिन्यात येतोय. आपण मागे घेतला तर पहिले ते."

"पण त्यांच्याही पेपरमध्ये हीच चूक असणार."

"मग त्यांना करू दे ना! आपण का आधी करायची?" मग त्यांनी चष्मा काढला. "पंचवीस वर्षं मी एक आकडा सांगितला. मार्चमध्ये तुझ्यासाठी तो सोडला, चारचौघांत सोडला. आता तू म्हणतेस, हाही धरू नका. लोक मला हसतील गं."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "सर, मी मागे घेते."

"घे. पहिलं नाव तुझं आहे, मी अडवू शकत नाही. नव्यावर माझं नाव घालू नकोस. आणि नेमणुकीचं पत्र मी कशाच्या जोरावर देऊ?"

सोमवारी मागे घेतला. एका ओळीचा ईमेल होता, पाठवायला दीड तास लागला. तेव्हापासून खोलीत सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. मला मोठं वगैरे काही वाटत नाहीये, मामा. नुसता संताप येतोय. कोणाचा येतोय तेच कळत नाही. तुझाही येतोय थोडा.

टिटवी


३० जून

चि. टिटवी,

तुझा संताप मला लागू आहे, ठेव तो माझ्या नावावर.

पत्र वाचलं आणि तुझ्या सरांना पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली. मग लक्षात आलं, की मामाचं पत्र गेलं तर तुझी आणखीच शोभा होईल. फाडलं. आक्काला मी काही बोललेलो नाही, तूच सांग तुला वाटेल तेव्हा.

घरात बसवेना, म्हणून शनिवारी त्या वस्तीत गेलो. शिंपीणबाई सोबत आली. तिला कारण सांगितलं होतं. बसमध्ये ती काहीच बोलली नाही. बोलली असती तरी मला ऐकू येत नाही, पण ती बोलली नाही हे दिसलं.

आता तिथे पक्की घरं आहेत, दोन-तीन मजल्यांची, घरोघरी पाणी. खाण बंद आहे. एका दारात एक म्हातारी बसली होती. माझ्याच वयाची म्हण, म्हणजे म्हातारीच. मी सगळं सांगितलं. ती जे बोलायची ते शिंपीणबाई मापांच्या वहीत लिहून मला दाखवायची. त्यामुळे वेळ फार लागला आणि आजूबाजूची माणसं जमली.

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. नाहीतर म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. तिने विचारलं, "त्या वर्षी माझी धाकटी झाली. ती तुमच्या मोजणीत नव्हती का?" मी म्हटलं, नव्हती. ती म्हणाली, "मग आता लिहा." मी म्हटलं, बाई, मी आता कोणी नाही, माझ्याकडे कागदही नाही. तर शिंपीणबाईने वहीतलं एक पान फाडून पुढे केलं. मी मुलीचं नाव आणि जन्माचं वर्ष लिहिलं, खाली सही केली. तिने कागदाची घडी घातली आणि आत घेऊन गेली. तो तिला कशाला हवा होता, देव जाणे. परत बाहेर आली नाही. आम्ही थोडं थांबलो आणि निघालो.

बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. एका कागदाने काय होणार? एकशे त्रेचाळीस घरं होती.

तुझं पुढे काय?

मामा


२२ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं पत्र मी दाढीवाल्याला वाचून दाखवलं. राग मानू नकोस. तो कट्ट्यावर बसून ऐकत होता, मग उठून बाहेर निघून गेला आणि अर्ध्या तासाने दोन कॉफ्या घेऊन आला.

माझं पुढे असं. त्या दुसऱ्या गटाचा पेपर जुलैत आला. आकडे जवळजवळ माझ्या जुन्या पेपरचेच, चूकही तीच. सगळीकडे वाहवा चालली आहे. परवा जिन्यात एका प्राध्यापकांनी मला थांबवून सांगितलं, "अगं, तुझंही असंच काहीतरी चाललं होतं ना?" मी "हो, असंच काहीतरी" म्हणाले आणि उरलेले चार मजले ताडताड चढले.

आमचा नवा पेपर, माझा आणि दाढीवाल्याचा, जुलैअखेर पाठवला. परीक्षकाचं उत्तर आलं. म्हणतो, एका दीर्घिकेवरून आम्ही एवढं बोलू नये, दुसरीही तपासावी. शिवाय रिकामा कोणता हे ठरवणाऱ्या दोघांनाही उत्तर काय यायला हवं ते ठाऊक होतं, तेव्हा मोजणी तटस्थ कशी मानायची? मला कागद चावून खावासा वाटला. मग वाटलं, बरोबर विचारतोय मेला.

नेमणूक गेली. सर भेटले की मान हलवतात, मीही हलवते. सप्टेंबरअखेर खोली सोडायची. एका लहान कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आहे, आठवड्याला वीस तास, पहिल्या वर्षाच्या मुलांना. उरलेल्या वेळात ढग. आईला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कॉलेजात लिफ्ट आहे का?" नाही म्हटलं तर म्हणाली, "निदान मजले तरी कमी आहेत का विचारून घे."

आता कामाचं. दुसऱ्या दीर्घिकेत ३४६ ढग आहेत. प्रत्येकाची तीन चित्रं लागतात: वायूचं, लाल उजेडाचं, अवरक्त उजेडाचं. ती बघून ठरवायचं, आत तारे आहेत की नाहीत. मला असा माणूस हवा आहे ज्याला उत्तर काय यायला हवं ते माहीत नाही, जो घाई करत नाही, आणि ज्याला असल्या कामाची सवय आहे. मी तुला पेपरमधलं आता काही सांगणार नाही. कोणता आकडा मला सोयीचा तेही विचारू नकोस. यासोबत पहिल्या चाळीस ढगांचा गठ्ठा, वर तक्ता, आणि कसं ओळखायचं त्याचं दीड पान जोडलं आहे. करशील?

टिटवी


१४ सप्टेंबर

चि. टिटवी,

चाळीस ढग तपासले. दिवसाला पाचाच्या वर घेतले नाहीत, नंतर डोळा चुकतो. सगळे झाल्यावर मधले दोन दिवस सोडून पुन्हा पहिल्यापासून तपासले. तीन ठिकाणी माझं मत बदललं, तिथे दोन्ही मतं तारखेसकट लिहिली आहेत.

छपाई वाईट आहे. क्रमांक ६ आणि १९ यांचं अवरक्त चित्र इतकं काळं आलंय की ढग कुठला आणि शाई कुठली ते कळत नाही. ते पुन्हा काढून पाठव. क्रमांक ३१ आणि ३२ हा एकच ढग आहे असं मला वाटतं, तू दोनदा मोजला आहेस. तुझ्या दीड पानातलं चौथं वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. मी पहिल्या प्रकारे वाचलं, दाढीवाला कदाचित दुसऱ्या प्रकारे वाचेल, तेव्हा दुरुस्त कर. शिंपीणबाईला अडचणीची चित्रं दाखवावी असं मनात आलं होतं, तिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. पण ते नियमात बसतं का माहीत नाही, म्हणून दाखवली नाहीत. कळव.

आणखी एक. तुझ्या तक्त्यात दोनच रकाने आहेत, 'भरलेला' आणि 'रिकामा'. मी पट्टी घेऊन तिसरा आखला आहे. त्याला 'सांगता येत नाही' असं नाव दिलं आहे. चाळीसपैकी नऊ ढग त्यात गेले. तुझा परीक्षक कुरकुर करेल, तूही करशील. पण ते नऊ तू इकडे किंवा तिकडे ढकलणार असशील तर आत्ताच सांग, मी पुढचे घेत नाही.

नसशील तर दुसरा गठ्ठा पाठव. या वेळी छपाई नीट काढ.

मामा